‘एका बाटलीत तीन दोष’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतली कॉन्कॉर्ड द्राक्षं घालून ओकच्या बॅरलमध्ये मुरवलेल्या सावर बिअरचं (म्हणजे मुद्दाम आंबट केलेल्या बिअरचं) मी जे कौतुक केलं ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुमच्या मते बिअर आंबट झाली म्हणजे ती नासली, लाकूड ते नासलेपण झाकायला, आणि कॉन्कॉर्ड हे जॅम-ज्यूसचं द्राक्ष, चांगले वाइनवाले ज्याला हात लावत नाहीत, ते घातलं फक्त ‘तिथलं देशी द्राक्ष’ म्हणून मिरवायला. शिवाय द्राक्षं घातली तर हिला बिअर का म्हणायचं, हेही विचारलंत.

हे शेवटचं आधी उरकतो. माल्टचं वर्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून काढलेलं गोड पाणी) हा पाया असला की ती बिअर, वर द्राक्षं पडली तरी. ब्रसेल्सची कांतियों ब्रुअरी लँबिकमध्ये (हवेतल्या जंगली यीस्टने आंबणारी बेल्जियन बिअर) मस्कॅट घालून विन्येरोन आणि मर्लो, कॅबर्ने फ्रँक घालून सेंट लँविनस करते, इटलीत तर स्थानिक द्राक्षांच्या बिअरची अख्खी परंपरा उभी राहिली आहे, आणि बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या 2021 च्या गाइडलाइन्समध्ये ग्रेप एल ही रीतसर स्टाइल आहे.

आता आंबटपणा. इथे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय असं मला वाटतं. सावर बिअरमधला मुख्य आंबटपणा लॅक्टिक अॅसिडचा असतो, तो लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे बॅक्टेरिया करतात, आणि ब्रुअर त्यांना मुद्दाम आत घेतो. तुम्ही म्हणता तो नासका प्रकार अॅसेटिक अॅसिडचा, म्हणजे व्हिनेगरचा, बॅरलमध्ये हवा जास्त शिरली की होतो. ओळखणं अवघड नाही. लॅक्टिक जिभेच्या कडांना लागतं, तोंडाला पाणी सुटतं आणि थोड्या वेळात ते निवळतं, अॅसेटिक मात्र घोट घ्यायच्या आधीच नाकाला टोचतं आणि गिळल्यावर घशाशी जळजळ ठेवून जातं. सोबत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर तो एथिल अॅसिटेट, आणि ती बाटली खुशाल सिंकमध्ये ओता, मीही ओततो. फ्लँडर्स रेडसारख्या (बेल्जियमची लालसर आंबट बिअर) स्टाइलमध्ये अॅसेटिकची हलकी झाक चालते, पण मी ज्या बिअरबद्दल लिहिलं तिच्यात मला तीही लागली नाही.

पण मला खरं बोलायचंय ते द्राक्षाबद्दल, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग सगळ्यात जास्त खटकला. कॉन्कॉर्ड हे मुख्यतः व्हिटिस लॅब्रुस्का जातीचं, उत्तर अमेरिकेतलं द्राक्ष (पूर्वजांमध्ये थोडा युरोपियन अंश आहे, पण वास आणि स्वभाव लॅब्रुस्काचाच). मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावात एफ्राइम वेल्स बुल यांनी 1849 मध्ये ते तयार केलं. पिकलेलं कॉन्कॉर्ड बोटांत धरून दाबलं की साल सटकन सुटून हातात राहते आणि गर बियांसकट अख्खा बाहेर येतो, साल चावली तर तुरट, गर मऊ आणि गोड, आणि बियांच्या जवळ चांगलाच आंबट. त्याचा जो वास आहे, ज्याला वाइनवाले ‘फॉक्सी’ म्हणून नाक मुरडतात, तो बराचसा मिथाइल अँथ्रानिलेट या द्रव्याचा. ग्रेप फ्लेवरच्या जांभळ्या गोळीला तोच वास असतो, आणि म्हणूनच बहुतेकांना तो ‘खोटा’ वाटतो, खरं तर गोळीनेच तो या द्राक्षाकडून घेतलाय. (पक्ष्यांना तो अजिबात सहन होत नाही, पिकांवर पक्षी बसू नयेत म्हणून हेच द्रव्य फवारतात.)

तर मुद्दा असा की वाइन करताना या द्राक्षाच्या दोन गोष्टी आड येतात, एक हा वास आणि दुसरं त्याचं भरपूर अॅसिड. अॅसिड सुसह्य करायला बऱ्याचदा साखर घालतात, कॉन्कॉर्डच्या पुष्कळ वाइन गोड असतात त्या यामुळेच, आणि त्या वासाला साखर जोडली गेली की जीभ लगेच म्हणते, कँडी! सावर बिअरमध्ये हे सगळं उलटं होतं. अॅसिड तिथे हवंच असतं. द्राक्षातली साखर यीस्ट संपवून टाकतं, माल्टमधली जी जड साखर साध्या यीस्टला पचत नाही ती ब्रेटॅनोमायसिस (थोडक्यात ब्रेट) हे जंगली यीस्ट महिनोन्महिने खात बसतं, आणि शेवटी उरतो तो फक्त वास, गोडाचा टेकू नसलेला, कोरडा. त्या ग्लासात मला नेमकं हेच भेटलं. रंग फिकट जांभळा, फेस गुलाबी आणि पटकन बसणारा, नाकाशी नेलं की एकदम पिकलेलं कॉन्कॉर्ड, म्हणून जीभ गोडाची तयारी करते आणि येतं खणखणीत आंबट, मागे सालीची तुरट पकड. वाइनमध्ये ज्याला दोष म्हणतात तो वास इथे सगळ्यात सुंदर गोष्ट होता, आणि हे मी शंभर टक्के मनापासून म्हणतोय.

आणि एक. युरोपातली जी ‘चांगली’ द्राक्षं तुम्ही उदाहरणादाखल दिलीत ती एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेराच्या किडीने संपत आली होती, तेव्हा अमेरिकन जातींच्या मुळांवर कलम करून त्यांना वाचवलं गेलं आणि आजही त्यातली बहुतेक तशाच मुळांवर उभी आहेत, तेव्हा या जातींना हलकं लेखणं मला तरी बरोबर वाटत नाही.

लाकडाच्या बाबतीत तुमचं अर्धं म्हणणं मान्य. नवा ओक असता तर व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखा वास वर चढला असता आणि द्राक्ष त्याखाली गाडलं गेलं असतं, असल्या बिअर मलाही आवडत नाहीत. पण या बिअरला आधी वाइन ठेवलेलं जुनं बॅरल वापरलंय, त्यातून चव फारशी उतरत नाही, त्याचं काम वेगळं, लाकडातून अगदी हळूहळू हवा आत जाऊ देणं आणि ब्रेटला राहायला जागा देणं. तरी सालीच्या टॅनिनवर (तुरटपणा देणारं द्रव्य) लाकडाचं टॅनिन चढून शेवटचा घोट जरा जास्त कोरडा होतो, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं, थोडी आधी बॅरलमधून काढायला हवी होती.

पुन्हा प्यायचा योग आला तर फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका, फार गार असली की नुसता आंबटपणाच पुढे येतो, बारा-तेरा डिग्रीला येऊ द्या. आणि तुम्ही जी प्यायलात ती कोणती होती, नाकाला टोचत होती का, तेवढं कळवा, वर्णनावरून मला तरी ती अॅसेटिकने बिघडलेली बाटली वाटतेय.