रामाचं नाक

"मी कार्यानुभवाला लाकडाची कळसूत्री बाहुली करणार आहे," असं आमची कन्या वर्गात बाईंना सांगून आली. पाचवीतल्या मुलाच्या तोंडी 'मी' हे सर्वनाम प्रथमपुरुषी नसतं, वडीलपुरुषी एकवचनी असतं.

चूक माझीच. दिवाळीच्या सुट्टीत कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो होतो. तिथले ठाकर समाजाचे कलावंत दोऱ्यांवर अख्खं रामायण उभं करतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात त्यांनी या कलेचं संग्रहालय थाटलंय. तिथल्या एका बाहुलीने मान वळवून कन्येकडे पाहिलं आणि मी चारचौघांत बोलून गेलो, "सोप्पं आहे गं, आपणही करू." कोकणात सोलकढी पोटात गेली की माणूस काहीही बोलतो.

सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करतात हे ऐकून होतो. हलकं, मऊ लाकूड. डोंबिवलीत आमच्या सुताराकडे पांगारा मागितला, तर त्याने कानावरची पेन्सिल काढली, मला आपादमस्तक पाहिलं आणि ती परत कानावर ठेवली. "साहेब, प्लाय देऊ का?" शेवटी माळ्यावरच्या मोडक्या पलंगाचा खूर काढला. अस्सल सागवान. सागवान पिढ्यान् पिढ्या का टिकतं, ते मला पहिल्या रविवारी कळलं. ते कुणाचं ऐकतच नाही.

राम करायचा होता. लाकडाचा चेहरा कोरताना नाक आधी राखायचं असतं. नाक सगळ्यांत पुढे, तेव्हा तेवढी उंची सोडून दोन्ही गाल मागे मागे तासत न्यायचे. हे मला पाठ होतं. पटाशीला नव्हतं. दुसऱ्या रविवारी ती रेषेच्या उलट घुसली आणि रामाचं नाक ढलपीसकट उडून फ्रिजखाली गेलं.

"शूर्पणखा करा," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

कन्येने भोकाड पसरलं. मग मारुती करू म्हटलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक चेष्टेने म्हणतात. पण ज्याचा मारुती झाला त्याचा हात चांगलाच म्हणायला हवा. मारुतीला पुढे आलेला जबडा लागतो आणि तिथलं लाकूड मी रामासाठी आधीच काढून बसलो होतो. लाकडात नुसती वजाबाकी असते. मग उजवा गाल जाड वाटला म्हणून कानस मारली, त्यामुळे डावा जाड वाटू लागला. मिशी कोरताना होतं तसंच. नारळाएवढं डोकं लिंबावर आलं. धड मात्र नारळाच्याच मापाचं तयार होतं. उघडे डोळे मला जमेनात, म्हणून दोन आडव्या रेघा मारल्या. आडदांड देह, चिमुकलं डोकं, मिटलेले डोळे. आता तो कोण, हे सांगायला नको.

ठोकाठोकी ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अहो, रात्री अकरा वाजता काय चाललंय?"

"राम करतोय, काकू."

"मग मनातल्या मनात म्हणा की!"

पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटल्या. "झाला का तुमचा राम?"

"कुंभकर्ण झाला."

"बरं झालं. आता आम्हालाही झोपू द्या."

पण दोऱ्या राहिल्या होत्या. एकूण नऊ: डोक्याला दोन, खांद्यांना दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन आणि वाकून नमस्कार करण्यासाठी पाठीला एक. वजन खांद्यांच्या दोऱ्यांनी पेलायचं, बाकीच्यांनी नुसता अभिनय. मासे पकडायचा तंगूस आणला. तो दिसत नाही हा त्याचा गुण. बांधणाऱ्यालाही दिसत नाही हा अवगुण. गुडघ्याला जुन्या पट्ट्याचं चामडं लावलं. मागे खाच आणि पुढे अटकाव ठेवला तर गुडघा माणसासारखा वळतो. मी दोन्हीकडे खाचा पाडल्या. त्यामुळे आमचा कुंभकर्ण एकाच वेळी येतही होता आणि जातही होता. नमस्काराला हात वर केला की समोरच्याला लाथ बसे.

"राजस्थानी बाहुल्यांना पायच नसतात," बायकोने आत्ता, तिसऱ्या रविवारी, सांगितलं. "नुसता घागरा. तुम्हाला पाय करायला कोणी सांगितलं होतं?"

मनगट एव्हाना सुजलं होतं. पलंगाचा खूर पलंग उचलायच्या लायकीचा असतो, एका हाताने नाचवायच्या नव्हे.

सोमवारी कुंभकर्ण किराण्याच्या पिशवीतून शाळेत गेला. पोचेपर्यंत नऊ दोऱ्यांची एकच गाठ झाली होती. कन्या आईची मुलगी, तिने त्याला टेबलावर आडवा केला, रुमाल पांघरला आणि जाहीर केलं, "हा कुंभकर्ण. सहा महिने उठणार नाही." वर्गाने त्याला उठवायला डबे बडवले म्हणे. प्रयोग रंगला.

संध्याकाळी वही आली. लाल शाईत अ-१ आणि खाली बाईंचा शेरा: 'बाहुली पालकांची मदत न घेता स्वतः केली आहे, हे स्पष्ट दिसते. शाब्बास!'

त्याखाली पालकांची सही हवी होती. अंगठ्याला पट्टी असल्याने जरा वाकडी आली.