किशोर नाइटला कसं जावं

रफीसाहेबांची पुण्यतिथी 31 जुलैला आणि किशोरदांचा जन्मदिवस 4 ऑगस्टला. म्हणजे दोघांनीही कोकणातल्या रसिकांसाठी ऐन पाऊसच निवडला. भातलावणी आटोपलेली असते, गणपतींना अवकाश असतो. अशा वेळी तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयात कोणी ना कोणी ‘व्हॉइस ऑफ किशोर’ येणारच. आपण जायचंच. फक्त तिकीट काढू नये. पैसे मोजून गाणं ऐकणाऱ्याला गावात किंमत राहत नाही. आयोजकांतला एकजण मेव्हण्याच्या ओळखीचा निघतोच, त्याच्याकडून पास मिळवा. पुढच्या सोफ्यांकडे मात्र बघू नका, ते पुढाऱ्यांचे. पुढारी शाल-श्रीफळ घेऊन दुसऱ्या गाण्याला उठतात आणि सोफे शेवटपर्यंत रिकामे राहतात. गायकाला समोर काहीतरी मऊ दिसावं, म्हणून ही सोय.

गाणं सुरू झालं की पहिल्या ओळीलाच शेजाऱ्याकडे वाकून म्हणा, “खंय किशोर आणि खंय हो!” इथे उशीर नको. शेजारी आधी म्हणाला, तर तुमच्याकडे नुसती मान डोलवणंच उरतं. हुबेहूब गायला तर ‘नक्कल’, स्वतःच्या ढंगाने गायला तर ‘चाल बिघडवली’. पट्टी खाली घेतली असेल तर तेही सांगा. कळलं नसलं तरी सांगा. साठीच्या माणसाने तिसऱ्या तासाला कुठल्या पट्टीत गावं, हा विचार आपण का करायचा?

वादकांकडे तर अजिबात लक्ष देऊ नका. मुंबईच्या स्टुडिओत ही गाणी ध्वनिमुद्रित होत तेव्हा व्हायोलिनांच्या रांगा बसायच्या. इथे त्या सगळ्या रांगा कीबोर्डवरच्या एका पोराच्या दोन हातांत आहेत. बासरीची जागा आली की तो करंगळीने बटण दाबतो आणि पुन्हा व्हायोलिनांत शिरतो. वरून पत्रा गळतोय म्हणून मिक्सरवर ताडपत्री आहे, आणि साउंडवाला तिच्याखाली हात घालून अंदाजाने आवाज कमी-जास्त करतोय. ड्रमवाला कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून आलाय, रात्रीच धुक्यातून परत चढेल. तुम्ही म्हणा, “ट्रॅक लावलाय, सगळा कराओके आहे.”

शेजारी फारच दर्दी निघाला तर तो बीटल्स काढेल. त्यांनी 1966 साली दौरे बंद केले, त्यामुळे पुढची बरीचशी गाणी लोकांनी रंगमंचावर प्रत्यक्ष ऐकली ती नकलाकारांच्याच तोंडून, वगैरे. अशा माणसाजवळची खुर्ची बदला. असं ऐकत बसलं की समोरचं गाणं नकळत आवडायला लागतं.

मग दोन आवाजांत गाणारा येईल, एक कडवं पुरुषाचं, एक बाईचं. इथे हसायची तुमची इच्छा असेल, पण मागच्या रांगा हसणार नाहीत. दशावतारात पुरुषांनी वठवलेल्या राण्या बघत रात्री काढलेली माणसं ती. ती शिट्ट्या मारतील, मनापासून. अशा वेळी मोबाईल काढून शूटिंग घ्या आणि दिव्याचा झोत गायकाच्या डोळ्यांत राहील असं बघा.

वडे घ्यायला कधी उठावं, हेही ठरलेलं आहे. आर. डी. बर्मन यांचं 1973 सालचं एक गाणं काच किणकिणवून सुरू होतं. ते लागलं की उठा. ऑक्टोपॅडवर तो आवाज एका टिचकीत मिळतो, पण आज ऑक्टोपॅडवाल्याने कँटीनमधून खरा ग्लास आणलाय. मघापासून त्यातलं पाणी घोट-घोट पिऊन तो चमच्याने वाजवून बघतोय, सूर लागेपर्यंत. तो ग्लास माइकजवळ नेईल तेव्हा तुम्ही चटणी जास्त मागत असायला हवं.

फर्माईशीची चिठ्ठी पाठवायला विसरू नका. किशोर नाइट असेल तर मुकेश मागा.

आणि कार्यक्रम संपला की तडक स्टेजमागे जा. तुम्ही आपल्या वाडीच्या सार्वजनिक गणपतीच्या कमिटीवर आहातच. वायरी गुंडाळत असलेल्या त्या गायकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, “साक्षात किशोर उभा केलात हो! सातव्या दिवशी आमच्याकडे या. पब्लिक फार दर्दी आहे.” मानधनाचं त्याने विचारलं, तर दुखावल्यासारखं बघा. बाप्पाची सेवा आहे, जेवण आमच्याकडे, आणि एसटी स्टँडपासून फार लांब नाही.