त्या झोपलेल्या मुलीचा फोटो

आज सकाळी आमच्या भूलतज्ज्ञांच्या व्हॉट्सॲप गटावर एका वरिष्ठांनी फोटो टाकला. दुसऱ्या वर्षाची एक निवासी डॉक्टर, डोक्यावर टोपी तशीच, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या (ओटीबाहेरच्या) बाकावर भिंतीला टेकून झोपलेली. खाली ओळ होती, 'आमच्या वेळी असे चालत नव्हते.' त्यावर कितीतरी जणांनी हसरे चेहरे टाकले, आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

आमच्या वेळी काय चालत होते, ते मी सांगते. पहिल्या वर्षी, सलग 30 तास ड्यूटी झाल्यावर, पहाटे साडेचारला रात्रीच्या तिसऱ्या सिझेरियनसाठी मला स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून द्यायची भूल, द्यायचा होता. ट्रेमधली अँप्यूल फोडून मी औषध सिरिंजमध्ये ओढू लागले, तोच ओटीच्या सिस्टरांनी माझे मनगट धरले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, लेबल वाचा." माझ्या हातात बुपिव्हाकेन हे भुलीचे औषध नव्हते, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड होते. रक्तस्राव थांबवण्यासाठी शिरेतून द्यायचे ते औषध पाठीच्या कण्यात गेले असते, तर त्या बाईला अनावर झटके आले असते आणि कदाचित ती वाचली नसती. अँप्यूल सारख्या दिसत होत्या, हे खरे. पण लेबल माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला ते वाचता येत नव्हते.

सर्वसाधारणपणे सलग 12 तासांहून आणि आठवड्याला 48 तासांहून अधिक काम निवासी डॉक्टरांना देऊ नये, असे केंद्राने 1992 मध्येच कळवले होते. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. म्हणजे 32 वर्षांनी आपण मागणीच खाली आणली, आणि तीही कागदावरच आहे!

रुग्ण अफाट आणि माणसे थोडी, हे मला मान्य आहे. रात्रीच्या इमर्जन्सीतच हात तयार होतो, हेही नाकारत नाही. पण एका टेबलावरचे सर्जन काम संपवून जातात, दुसऱ्या शाखेचे येतात, आणि उशाशी बसलेली भूलशास्त्राची मुलगी मात्र तीच राहते. मार्ड ही महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांची संघटना विद्यावेतन, वसतिगृह, सुरक्षितता यांसाठी लढते आणि ते योग्यच आहे. परंतु दोन केसेसच्या मध्ये या भूलशास्त्राच्या मुलीला मोकळे करायला कोण येणार, हा प्रश्न कोणाच्याच निवेदनात नसतो. तिने स्वतः विचारावे, तर तिच्या पदव्युत्तर प्रबंधावर सही करणारा आणि ड्यूटी लावणारा माणूस एकच असतो. म्हणून प्रत्येक विभागात निवासी डॉक्टरांनी निवडलेला एक प्रतिनिधी ड्यूटी लावताना समोर बसलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये रात्रपाळीनंतर घरी जाताना एका प्रशिक्षणार्थी भूलतज्ज्ञाचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने विश्रांतीसाठी मोहीम उभारली. आपल्याला तितकी वाट पाहायची आहे का?

त्या पहाटे सिस्टरांनी कोणालाही काही सांगितले नाही. मला खुर्चीवर बसवले, चहा दिला आणि दुसरी अँप्यूल स्वतः वाचून दाखवली. आज त्या मुलीच्या वाट्याला कॅमेरा आला.

फोटो काढून टाकण्याची विनंती मी गटावर केली आहे. अजून तो तिथेच आहे. दुपारी तिचा नंबर मिळवून फोन केला. मी नाव सांगताच, पुढे काही बोलण्याआधी, ती म्हणाली, "सॉरी मॅडम, पुन्हा झोपणार नाही."