धुळीआड दिसत नाही म्हणजे तिथे नाहीच, असं कसं?

इन्फ्रारेडमध्ये लखलखणाऱ्या आकाशगंगांबद्दल एक मेसेज खूप फिरतोय. म्हणे तिथे फक्त नवे तारे जन्मतायत, पोटात दडलेलं सक्रिय कृष्णविवर (म्हणजे भोवतालचा वायू गिळताना प्रचंड ऊर्जा बाहेर टाकणारं) ही निव्वळ कल्पना, कारण एक तर ते साध्या प्रकाशात दिसत नाही, दुसरं म्हणजे इन्फ्रारेड ही नुसती धुळीची ऊब, धूळ कोणी तापवली ते त्यातून कळत नाही, आणि तिसरं, एक्स-रे एकीतूनही येत नाहीत.

पहिला मुद्दा. दिसणार कसं? १९८३ साली आयरास या इन्फ्रारेड उपग्रहाने आकाश पिंजून काढलं तेव्हा या आकाशगंगा मोठ्या संख्येने सापडल्या, त्यातल्या सगळ्यात तेजस्वी सूर्याच्या लाख कोटी पटीच्याही वर, आणि ते तेज जवळपास सगळं इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे आतला प्रकाश धुळीनेच गिळलाय ना! नेहमीच्या सक्रिय केंद्राभोवती, म्हणजे अशा कृष्णविवराभोवती, धुळीचं कडं असतं, त्याच्या वरखालून प्रकाश निसटतो आणि बाहेरचे ढग उजळतात, त्यावरून ते ओळखता येतं. इथे चहूबाजूंनी धूळ असली तर तेही होत नाही.

दुसरा मुद्दा मात्र साफ चूक, आणि लोक नेमका तोच खरा मानतात. ऊब सारखी वाटली तरी स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून पाहिला, की फरक कळतो. पीएएच नावाचे कार्बनचे रेणू असतात, ते तरुण ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशात ३.३ मायक्रॉन तरंगलांबीवर चमकतात, पण कृष्णविवराजवळ एक्स-रे त्यांना फोडून टाकतात, तिथे उरते नुसती तापलेली धूळ. म्हणून ती रेषा फारच फिकी पडली की शंका घ्यायला जागा असते. मग बघायचं ९.७ मायक्रॉनवर, सिलिकेटची धूळ तिथला प्रकाश शोषते आणि स्पेक्ट्रममध्ये खड्डा पडतो. तारे धुळीत सगळीकडे पसरलेले असले तर आपल्या बाजूच्या ताऱ्यांचा प्रकाश येतच राहतो, त्यामुळे तो खड्डा एका मर्यादेपलीकडे खोल जात नाही. खूपच खोल गेला तर समजायचं की उष्णतेचा स्रोत आत एका जागी गच्च बसलाय, आणि एवढ्याशा जागेतून एवढी ऊर्जा म्हटल्यावर कृष्णविवराचाच संशय पहिला येतो. शिवाय १४.३ मायक्रॉनवर चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची रेषा असते, त्यातला चौथा काढायलाच ९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा लागते, साध्या तरुण ताऱ्यांचं ते काम नाही. ही रेषा नाही दिसली म्हणून केंद्र नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण पुन्हा तेच, धूळ.

मेसेजातली एक गोष्ट मी मान्य करतो, १९९८ मध्ये आयएसओ या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीच्या स्पेक्ट्रमवरूनच दिसलं की यातल्या बहुतेक आकाशगंगांत मुख्य ऊर्जा ताऱ्यांचीच असते. पण मुख्य म्हणजे एकमेव नव्हे, आणि हे कळलं तेही याच पद्धतीने, जिच्यातून म्हणे काही कळत नाही.

राहिले एक्स-रे. वाटेत वायू पुरेसा दाट असेल तर कमी ऊर्जेचे एक्स-रे आतच अडकतात, बाहेर काही येत नाही. आणि एकीतूनही येत नाहीत हे तर चूकच आहे, कारण एनजीसी ६२४० या अशाच एका आकाशगंगेत चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीला २००२ साली एक सोडून दोन सक्रिय कृष्णविवरं सापडली, तीही एक्स-रेमध्येच.