‘दम असेल तर कोणीही निवडून येतो’ हे खरं नाही

“झेलेन्स्की, माक्रों, ट्रम्प. तिघेही राजकारणाबाहेरून आले आणि थेट राष्ट्राध्यक्ष झाले. निवडणुकीचं मैदान सगळ्यांना सारखंच खुलं असतं. ज्यांच्यात दम नसतो ते हरल्यावर नियमांच्या नावाने रडतात.” हा मजकूर दर निवडणुकीत थोडेफार शब्द बदलून फिरतो. वाचणारे मान डोलावतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी ही नावं. माक्रों २०१७ मध्ये अध्यक्ष झाले, पण २०१४ ते २०१६ ते फ्रान्सचे अर्थमंत्री होते. ट्रम्प यांनी कधी पद भूषवलं नव्हतं हे खरं, पण २०१६ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाचे अधिकृत उमेदवार होते आणि त्या पक्षाची देशभरची यंत्रणा त्यांच्यामागे होती. युक्रेनचे झेलेन्स्की मात्र राजकारणात खरोखर नवे. २०१९ च्या दुसऱ्या फेरीत त्यांना ७३ टक्के मतं मिळाली. पण २०१५ पासून एका लोकप्रिय टीव्ही मालिकेत ते राष्ट्राध्यक्षाचीच भूमिका करत होते, घराघरांत त्यांचा चेहरा माहीत होता. ज्याच्या पाठीशी ना पक्ष, ना पैसा, ना प्रसिद्धी, असा माणूस या यादीत एकही नाही. आणि प्रश्न तर त्याचाच आहे.

“नियम सगळ्यांना सारखे.” हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो कायदा उघडून तपासता येतो. भारतातलंच घ्या. लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहापैकी एकाचंही नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नसेल, तर छाननीत अर्ज बाद होण्याची टांगती तलवार. पुढे चिन्ह. पक्षाचं चिन्ह मतदार लहानपणापासून भिंतींवर बघत आलेला असतो. अपक्ष अर्जात पसंतीची तीन मुक्त (कोणत्याही पक्षासाठी राखून न ठेवलेली) चिन्हं लिहितो, एकाच चिन्हावर दोघांनी हक्क सांगितला तर चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि हे सगळं ठरतं अर्ज माघारीची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंत कायद्याने किमान १४ दिवसांचं अंतर ठेवलं आहे. म्हणजे कधी कधी जेमतेम दोन आठवड्यांत लाखो लोकांना आपलं नाव सांगायचं, त्या नावापुढे कोणतं चित्र शोधायचं तेही सांगायचं. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, आणि सगळ्यात शेवटी अपक्ष. ‘अ’ने सुरू होणारं नाव असलं तरी तो खालीच.

खर्चाचं तर विचारूच नका. मोठ्या राज्यांत लोकसभा उमेदवाराला ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक नेमता येतात आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. अपक्षाला अशी यादीच देता येत नाही.

“अटी सैल केल्या तर हौशे-नवशे-गवशे घुसतील.” या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या मोडक्कुरिची विधानसभा मतदारसंघात एक हजाराहून अधिक उमेदवार उभे होते, मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. त्याच वर्षी लोकसभेला १०,६३५ अपक्ष लढले आणि त्यातले फक्त ९ निवडून आले. त्यानंतर अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली (आता २५,००० आहे) आणि १९९८ मध्ये उमेदवारांची गर्दी झपाट्याने ओसरली. पण पैशाची चाळणी लावली की हौशी श्रीमंत खुशाल आत येतो, गंभीर गरीब गळतो. गर्दी आवरायची तर सूचकांची अट वाढवा, मात्र ती पक्षाच्या उमेदवारालाही तेवढीच लावा.

“लायक माणसाला मतदार बरोबर ओळखतो.” ओळखतो, पण ओळखून मत देतोच असं नाही. ‘माणूस चांगला आहे हो, पण निवडून येणार नाही, मत वाया कशाला घालवू?’ हे वाक्य कोणी ऐकलेलं नाही? अमेरिकेत १९९२ मध्ये अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली, पण अध्यक्ष प्रत्यक्षात निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातलं एकही मत मिळालं नाही. तेही अब्जाधीश असून, स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतून! १९९६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, तर त्यांना अध्यक्षीय वादसभेत बोलावलंच नाही. ब्रिटनमध्ये १९९७ साली पत्रकार मार्टिन बेल टॅटनमधून अपक्ष म्हणून जिंकले खरे, पण मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांनी आपले उमेदवार मागे घेतले होते.

याउलट ऑस्ट्रेलियातली कूयाँगची जागा बघा. तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. २०२२ मध्ये अपक्ष मोनिक रायन यांच्यासमोर अर्थमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग होते. पहिल्या पसंतीची मतं मोजली तेव्हा फ्रायडेनबर्ग पुढे होते, पण कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती. मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या गेल्या आणि रायन निवडून आल्या. त्यांच्याकडे निधी होता, स्वयंसेवकांची फौज होती, हे कबूल. पण ज्या उमेदवाराकडे जास्तीत जास्त पहिल्या पसंतीची मतं तोच विजयी, असा नियम तिथे असता, तर त्याच दमाच्या, त्याच फौजेच्या रायन त्या दिवशी हरल्या असत्या.