अनोळखी हत्यार घासण्याआधी त्याची झीज पाहा

घरातल्या अडगळीत एखादे अनोळखी हत्यार हाती लागले की बहुतेकजण आधी वायर ब्रश शोधतात. हे होऊ नये असे मला कळकळीने वाटते, कारण ते हत्यार कशासाठी होते याचा पुरावा बहुधा त्या गंजाखालच्या झिजेतच असतो आणि तो एकदा खरवडला गेला की परत मिळत नाही.

डोक्याच्या कडा पसरून बाहेर वळल्या असतील, तर त्यावर हातोड्याचे घाव बसत होते हे उघड आहे. कुऱ्हाडीला एकाच बाजूने उतार असेल, तर ती झाड तोडण्याची नसून लाकूड तासून सपाट करण्याची असते. तिचा दांडा पुष्कळदा बाहेर कललेला असतो, म्हणजे तासताना बोटे लाकडाला घासत नाहीत.

सर्वांत जास्त फसवते ती कडेला लहानमोठ्या खाचा असलेली, मूठ लावलेली पोलादी पट्टी. ती तारेची जाडी मोजण्याचे साधन वाटते. पण तारेच्या गोल गेजमध्ये सहसा प्रत्येक खाचेच्या आतल्या टोकाला गोल भोक आणि शेजारी आकडा असतो. आकडे नसतील आणि खाचांची तोंडे झिजलेली असतील, तर ते करवतीचे दात वाकवण्याचे हत्यार असण्याची शक्यता मोठी. दात खाचेत धरून एक डावीकडे, पुढचा उजवीकडे असे किंचित वाकवले, की करवत स्वतःच्या पात्याहून रुंद वाट कापते आणि लाकडात अडकत नाही. पात्यांची जाडी वेगवेगळी, म्हणून खाचाही वेगवेगळ्या. अशा पट्टीवर वायर ब्रश फिरवला, तर पुसट आकडे होते की नव्हतेच, हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही.

खुणा वाचायच्या तर बॅटरीचा उजेड तिरपा पाडावा आणि फार तर तेलाच्या फडक्याने हलके पुसावे. अमेरिकन पेटंटचा क्रमांक सात आकडी निघाला, तर ते हत्यार 1911 च्या आधीचे नाही, कारण दहा लाखावे पेटंट त्या वर्षी दिले गेले. मात्र त्यानंतर ते कितीही वर्षे बनत राहिलेले असू शकते.

आणि पेटीतल्या बाकीच्या वस्तू कृपा करून लगेच वेगळ्या करू नका. त्या खाचांच्या पट्टीशेजारी त्रिकोणी कानस पडलेली असेल, तर करवतीच्या दातांना धार लावणारे माणूस त्या घरात होते, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन.