ओटीपी दिला नाही तरी पैसे जातात

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज तुमच्याकडेही आला असेल. शब्द इकडेतिकडे बदलतात, मजकूर तोच. ओटीपी ही खात्याची किल्ली आहे, ती कुणाला दिली नाही तर एक रुपयाही जाऊ शकत नाही. लिंक किंवा फाइल उघडली तरी घाबरू नका, फक्त ओटीपी सांगू नका. ज्यांचे पैसे गेले त्यांनी कुठे ना कुठे ओटीपी दिलेलाच असतो. आणि गेलेले पैसे परत येत नाहीत, पोलीस आणि बँक हात वर करतात.

ओटीपी सांगू नका, हा सल्ला बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे, आणि ही चूक लोकांना महागात पडते. समोरचा ओटीपी मागत नाही म्हणजे तो खरा, असं धरून माणसं चालतात. आणि पैसे गेल्यावर ‘तूच दिला असशील’ हे घरच्यांचं वाक्य ऐकावं लागेल म्हणून गप्प बसतात. पैसे अडवता येण्यासारखे असतात ते नेमके त्याच तासांत.

‘ओटीपीशिवाय एक रुपयाही जात नाही.’ गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढताना पाहा. लागतं काय? आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. आधारची झेरॉक्स आपण सिमकार्डापासून लॉजपर्यंत कुठेकुठे दिली आहे हे आठवून पाहा. उरला ठसा. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, ते सिलिकॉनवर उतरवून पैसे काढणाऱ्या टोळ्या देशात पकडल्या गेल्या आहेत. त्याहून साधा प्रकार म्हणजे ‘मशीनने घेतलं नाही, परत लावा’. पहिल्या अंगठ्याला पैसे निघालेले असतात, दुसऱ्याला पुन्हा निघतात. समोरच्या म्हाताऱ्या बाईच्या हातात एकाच वेळचे पैसे पडतात. म्हणून प्रत्येक वेळी पावती मागायची, आणि ‘व्यवहार फसला’ असं सांगितलं तर त्याचीही मागायची. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग रेशन दुकानात अंगठा द्यायच्या आधी ते तात्पुरतं उघडावं लागतं, पण तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

कार्डाचंही तसंच. मशीनला नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. परदेशी वेबसाइटवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर ओटीपी न विचारता पैसे कापले जाऊ शकतात. वापरत नसाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप करून पेमेंट, दोन्ही बंद करून ठेवा.

आणि ‘डिजिटल अरेस्ट’? तिथे तर ओटीपीची चोरीच होत नाही. सीबीआय किंवा मुंबई पोलीस असल्याचं सांगणारा माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतो, आणि घाबरलेला माणूस स्वतः बँकेत जाऊन, स्वतःच्या सहीने ‘तपासणीच्या खात्यात’ पैसे पाठवतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही.

‘फाइल उघडली तरी काही होत नाही.’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं, कारण सध्याची बरीच चोरी याच वाटेने होते. व्हॉट्सॲपवर फाइल येते. नाव असतं ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलन’, नाहीतर ‘पीएम किसान यादी’. पाठवणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ ही अक्षरं असतात, म्हणजे ते ॲप असतं. टिचकी मारली की फोन स्वतःच अडवतो: अनोळखी स्रोतावरून इन्स्टॉल करू द्यायचं का? पत्रिका बघायची घाई असते, आपण ‘हो’ म्हणतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. पुन्हा ‘हो’. आता एक बनावट चलन दिसतं, दंड भरायला कार्डाची माहिती मागतं, किंवा काहीच दिसत नाही आणि ॲपचं चिन्हही गायब होतं. त्या क्षणापासून येणारा प्रत्येक एसएमएस, ओटीपीसकट, चोराकडे पोचू लागतो. ‘मी कुणालाही ओटीपी सांगितला नाही’ असं हा माणूस शपथेवर सांगतो, आणि ते अक्षरशः खरं असतं.

पत्रिका चित्र, पीडीएफ किंवा व्हिडिओ म्हणून येते, ॲप म्हणून कधीच येत नाही. चलन खरं आहे का, हे परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बघता येतं. चुकून ॲप टाकलंच असेल तर वायफायसकट नेट बंद करून फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ॲप काढायचं, फोन रीसेट करायचा, हे सगळं त्यानंतर.

कुरिअरवाला म्हणून कुणी ‘स्टार ४०१’ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. त्याने तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात, आणि कॉलवर येणारा ओटीपी त्याला ऐकू जातो.

‘ज्यांचे पैसे गेले त्यांनी ओटीपी दिलेलाच असतो.’ डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी त्याचं सिम बंद होतं, कारण कुणीतरी त्याच्या नंबरचं दुसरं सिम काढलं होतं. खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये गेले होते. त्याने कुणाला काय सांगितलं होतं? आसाममधल्या एका ग्राहकाला ऑनलाइन खरेदी परत करताना कंपनीचा माणूस असल्याचं भासवून ॲप टाकायला लावलं आणि ९४,२०४ रुपये गेले. ओटीपी दिला नाही असं तो सांगत होता, आणि त्याशिवाय व्यवहार होऊच शकत नाही असं स्टेट बँक म्हणत होती. तक्रार त्याने २४ तासांच्या आत केली होती. गुवाहाटी उच्च न्यायालयाने पैसे परत द्यायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

‘पैसे परत येत नाहीत, बँक हात वर करते.’ काउंटरवर तसं ऐकायला मिळतं, हे मान्य. पण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला घालून दिलेला नियम वेगळं सांगतो. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक रकमेपुरती. ग्राहकच चुकला हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, तुमचं नाही. आणि समजा ओटीपी खरंच देऊन बसलात, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात असा आदेश निघाला आहे, आणि आपल्याकडे किती घरांची खाती सहकारी बँकांत आहेत हे सांगायला नको.

पोलिसांचं म्हणाल तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन केला की व्यवहाराचा तपशील यंत्रणेत चढतो, आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवता येतात. तिथून पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला सूचना जाते. चोर मिनिटांत रक्कम इतरांकडून भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांत फोडतो, म्हणून आधी घरी चर्चा आणि मग फोन असा क्रम नको. हाताशी खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक ठेवा. फोननंतर मिळालेला पोचक्रमांक वापरून राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर २४ तासांत तक्रार पूर्ण करा. बँकेत लेखी अर्ज द्या, त्यावर शिक्का आणि तारीख घ्या. तुम्ही कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम बँकेने तात्पुरती खात्यात जमा करायची असते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच अर्जाची प्रत जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.